टेबलाखालचा बॉम्ब आणि आपला मेंदू

दोन माणसे टेबलापाशी बसून गप्पा मारत आहेत. विषय अगदी साधा. अचानक टेबलाखाली स्फोट होतो. प्रेक्षक दचकतो, पण ते दचकणे १५ सेकंदांत संपते. आता हाच प्रसंग वेगळ्या तऱ्हेने दाखवायचा. टेबलाखाली बॉम्ब आहे, तो एक वाजता फुटणार आहे आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला आहे, एवढे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकायचे. त्या दोघांना मात्र काहीच पत्ता नाही. ते निवांत बोलत राहतात. आता प्रेक्षकाला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. ‘अरे, गप्पा कसल्या मारताय, उठा तिथून!’ असे त्याला ओरडावेसे वाटते. पहिल्या प्रकारात १५ सेकंदांचा धक्का मिळतो, दुसऱ्यात १५ मिनिटांची उत्कंठा.

हा हिशेब आल्फ्रेड हिचकॉक यांचा. १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी त्यांची अनेक दिवस चाललेली मुलाखत घेतली, तिच्यात हे उदाहरण येते. हिचकॉक यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९९ रोजी लंडनच्या लेटनस्टोन भागात झाला. वडिलांचे भाजी-फळांचे दुकान होते. मूकपटांच्या काळात सुरुवात करून १९३९ मध्ये ते हॉलिवूडला गेले आणि १९७६ पर्यंत त्यांनी पन्नासहून अधिक चित्रपट दिग्दर्शित केले. दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी पाच वेळा नामांकन मिळाले, ऑस्कर एकदाही मिळाले नाही. पण त्यांच्या ‘व्हर्टिगो’ला ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या २०१२ मधील समीक्षकांच्या कौलात आजवरचा सर्वोत्तम चित्रपट ठरवण्यात आले.

त्यांच्या चित्रपटांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. उंचीवरून पडण्याची भीती, हरवलेली स्मृती, भलत्याच माणसावर आलेला आळ, बिघडलेले मन, मुलाच्या आयुष्यावर पसरलेली आईची सावली आणि रोजच्या साध्या जगात अचानक शिरणारे संकट. ही यादी वाचली की एखाद्या डॉक्टरला आपल्या बाह्यरुग्ण विभागातल्या सकाळची आठवण यावी. चक्कर येते, विसरायला होते, भीती वाटते, मन थाऱ्यावर नाही, या तक्रारी घेऊनच माणसे रांगेत उभी असतात. या दुखण्यांबद्दल काही गोष्टी हिचकॉक यांनी विज्ञानाच्या आधी ओळखल्या होत्या. काही बाबतीत मात्र त्यांच्या चित्रपटांनी लोकांच्या मनात चुकीच्या कल्पना रुजवल्या. दोन्ही बाजू समजून घेण्यासारख्या आहेत.

वाट पाहण्याचा ताण

भीतीची पहिली घंटा मेंदूत खोलवर असलेल्या बदामाच्या आकाराच्या भागात वाजते. त्याला अमिग्डाला म्हणतात. तिथून निघालेला संदेश अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचतो, अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते, हृदयाची गती वाढते, तळहाताला घाम सुटतो, बाहुल्या विस्फारतात. समोर वाघ असो वा पडद्यावरचे सावट, शरीराची सुरुवातीची तयारी साधारण सारखीच असते. ‘हा सिनेमा आहे’ हे मेंदूच्या पुढच्या भागाला ठाऊक असते आणि तोच आपल्याला खुर्चीत धरून ठेवतो. म्हणूनच या भीतीची मजा घेता येते.

पण संकट येणारच हे ठाऊक असणे जास्त त्रासाचे, की ते येईल की नाही हेच ठाऊक नसणे? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये ४५ जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरच्या खेळात दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचे आणि साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसायचा. घाम आणि बाहुल्यांचा आकार यांवरून ताण मोजला गेला. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जेवढा ताण होता, त्यापेक्षा तो बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना जास्त होता. घड्याळाकडे पाहायला लावणाऱ्या दिग्दर्शकाने हाच ताण ताणून धरला होता.

उत्कंठेमुळे दृष्टीही आक्रसते. अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हिचकॉक यांच्या चित्रपटांसह काही थरारपटांतील प्रसंग लोकांना दाखवले आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण केले. प्रसंगातली उत्कंठा वाढली की दृष्टिक्षेत्राच्या कडेला काय चालले आहे याची दखल मेंदूचा दृष्टिविभाग कमी घेत होता आणि सारे लक्ष मध्यावर एकवटत होते. घाबरलेल्या नातेवाइकाला डॉक्टरांनी सांगितलेल्या दहा वाक्यांपैकी एकच का आठवते, याचा अंदाज यावरून यावा.

‘रक्त गोठवणारा प्रसंग’ असे आपण सहज म्हणतो. नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हा वाक्प्रचार शब्दशः तपासून पाहिला. २४ निरोगी तरुणांना एक भयपट आणि एक शांत माहितीपट दाखवून दोन्हींच्या आधी व नंतर रक्त तपासले. भयपटानंतर निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात ‘फॅक्टर आठ’ या गोठण घटकाचे प्रमाण वाढले होते. प्रत्यक्षात गुठळ्या मात्र तयार होत नव्हत्या. जखम होण्याच्या शक्यतेने शरीर आधीच तयारीला लागते, एवढाच याचा अर्थ. निरोगी माणसाला थरारपटाने काही होत नाही. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा थोड्या श्रमानेही छातीत दुखते, त्यांनी मात्र काही दिवस असा ताण टाळलेला बरा.

या साऱ्याचा रुग्णालयाशी थेट संबंध आहे. गाठीचा तुकडा तपासायला दिला आहे आणि ‘आठ-दहा दिवसांनी बघू’ एवढेच सांगितले आहे, अशा रुग्णाच्या टेबलाखाली बॉम्ब ठेवलेला असतो आणि भिंतीवर घड्याळही नसते. निदान बदलणे कोणाच्याही हातात नसते, पण घड्याळ लावून देता येते. म्हणून रुग्णाने किंवा नातेवाइकाने तीन गोष्टी बेधडक विचाराव्यात. ही तपासणी कशासाठी आहे? रिपोर्ट कोणत्या दिवशी मिळेल? तो समजावून कोण सांगेल? अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्यांना ‘पुढची माहिती संध्याकाळी पाच वाजता देऊ’ असे सांगून ती वेळ पाळली, तर त्यांचा बराच ताण हलका होतो.

चक्कर वेगळी, उंचीची भीती वेगळी

‘व्हर्टिगो’ १९५८ चा. सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस अधिकारी स्कॉटी एका चोराचा पाठलाग करताना इमारतीच्या पन्हळीला लोंबकळतो. त्याला वाचवायला आलेला सहकारी खाली कोसळून मरतो. तेव्हापासून स्कॉटीला उंचीवर गेले की गरगरते. ही गरगर प्रेक्षकाला जाणवावी म्हणून छायाचित्रकार इर्मिन रॉबर्ट्स यांनी एक युक्ती केली. कॅमेरा मागे घ्यायचा आणि त्याच वेळी भिंगाने दृश्य जवळ ओढायचे. मनोऱ्याच्या जिन्याचे छोटे मॉडेल आडवे ठेवून हे चित्रण झाले. पडद्यावर जिना एकाच वेळी जवळ येतो आणि खोल खोल जातो. पुढे कित्येक दिग्दर्शकांनी ही युक्ती वापरली.

वैद्यकीयदृष्ट्या मात्र स्कॉटीला असलेला मूळ आजार उंचीचा भयगंड आहे. व्हर्टिगो म्हणजे स्थिर असतानाही आपण किंवा आपल्याभोवतीचे जग फिरत असल्याचा भास. मराठीत अडचण अशी की ‘चक्कर’ हा एकच शब्द चार-पाच तक्रारींसाठी वापरला जातो. उठून उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे, अशक्तपणाने डोके हलके वाटणे, चालताना तोल जाणे, गर्दीत जीव घाबराघुबरा होणे आणि खरोखर खोली फिरणे, या साऱ्यांना रुग्ण चक्करच म्हणतो. कारणे मात्र प्रत्येकाची वेगळी. रक्तदाब कमी होणे, रक्तक्षय, साखर उतरणे, औषधांचा परिणाम, चिंता आणि कानाचे विकार. त्यामुळे ‘चक्कर येते’ एवढ्यावर न थांबता, नेमके काय होते, किती वेळ टिकते आणि काय करताना होते, हे डॉक्टरांना सांगावे.

खोली फिरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आतल्या कानात असते. तिथे कॅल्शियमचे अगदी बारीक कण असतात. ते आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये शिरले, की कुशीवर वळताना किंवा वर पाहताना काही सेकंद जग गरगरते. अशा रुग्णाला अनेकदा ‘मानेचे मणके झिजलेत’ असे सांगून गळ्यात पट्टा बांधला जातो, महिनोन्‌महिने गोळ्या चालू राहतात. खरे तर रुग्णाला ठरावीक पद्धतीने आडवे करून डोळ्यांच्या हालचाली पाहिल्या की निदान होते. मग अमेरिकी कानतज्ज्ञ जॉन एप्ली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने डोके क्रमाक्रमाने वळवून ते कण परत जागेवर आणता येतात. काही मिनिटांचा हा उपाय आहे आणि बहुतेकांना एक-दोन वेळात आराम पडतो.

एक इशारा मात्र लक्षात ठेवायला हवा. चक्करेबरोबर दोन-दोन दिसणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची ताकद जाणे, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा पाय टाकताच न येणे, यांपैकी काहीही असेल तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी लगेच मोठ्या रुग्णालयात जायला हवे.

आता स्कॉटीच्या भीतीकडे वळू. मैत्रिणीच्या घरी तो पायऱ्यांच्या लहान स्टुलावर चढून स्वतःवर उपचार करू पाहतो. एक पायरी चढायची, वर बघायचे, खाली बघायचे, मग दुसरी पायरी. वरच्या पायरीवर खिडकीतून खालचा रस्ता दिसतो आणि तो कोसळतो. गंमत अशी की त्याची पद्धत मुळात बरोबर होती. भयगंडावर आजही हाच उपचार सर्वांत परिणामकारक मानला जातो. ज्याची भीती वाटते त्याला थोडे थोडे, ठरवून, जाणकाराच्या सोबतीने सामोरे जायचे आणि भीती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचे. स्कॉटीने घाई केली आणि मध्ये थांबला नाही. चित्रपटात पुढे असेही सुचवले जाते की दुसऱ्या मोठ्या धक्क्यानेच हा विकार जाऊ शकेल. त्यावर विश्वास ठेवू नये. पाण्याला भिणाऱ्या मुलाला विहिरीत ढकलले तर त्याची भीती बहुधा वाढतेच.

स्मृती अशी परत येत नाही

१९४५ च्या ‘स्पेलबाउंड’मध्ये ग्रेगरी पेकने साकारलेला नायक स्वतःचे नाव विसरला आहे आणि आपण खून केला आहे असे त्याला वाटते. इन्ग्रिड बर्गमनने रंगवलेली मनोविश्लेषक त्याच्या स्वप्नाचा अर्थ लावून लहानपणीच्या एका अपघातापर्यंत पोहोचते आणि स्मृती परत येते. स्वप्नाचे दृश्य चित्रकार साल्वादोर दाली यांनी रेखाटले होते. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी स्वतःवर मानसोपचार करणाऱ्या डॉ. मे रॉम यांनाच सल्लागार नेमले होते.

मोठ्या मानसिक आघातानंतर माणूस आपली ओळख विसरू शकतो, हे खरे आहे. पण असे फार क्वचित घडते. नेहमी दिसणारे विस्मरण नेमके याच्या उलट असते. अल्झायमरमध्ये आधी सकाळचे जेवण, कालचा पाहुणा, गॅस बंद केला की नाही हे विसरायला होते. स्वतःचे नाव आणि लहानपणीचे गाव खूप उशिरापर्यंत टिकते. म्हणून ‘आजोबांना चाळीस वर्षांपूर्वीचे सगळे आठवते, मग विसरभोळेपणा कसला?’ हा युक्तिवाद फसवा आहे. दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे काही विस्मरणे उपचाराने सुधारतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, दारूमुळे होणारी थायमिनची कमतरता, डोक्याला मार लागून हळूहळू साचलेले रक्त, ही कारणे वेळेत शोधली तर माणूस बराच सावरतो. वृद्ध व्यक्ती दोन-चार दिवसांतच भ्रमिष्टासारखी वागू लागली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. सोडियम उतरणे किंवा लघवीतला जंतुसंसर्ग असे साधे कारण त्यामागे असू शकते.

भलत्याच माणसावर आळ

हिचकॉक लहानपणची एक गोष्ट नेहमी सांगत. वडिलांनी चिठ्ठी देऊन त्यांना पोलीस ठाण्यात पाठवले. अधिकाऱ्याने ती वाचली आणि ‘खोडकर मुलांना आम्ही असे करतो’ म्हणत काही मिनिटे कोठडीत बंद केले. पोलिसांची भीती त्यांना जन्मभर राहिली. निरपराध माणूस आणि त्याच्यामागे लागलेली यंत्रणा हे सूत्र ‘द थर्टी नाइन स्टेप्स’पासून ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’पर्यंत सतत दिसते.

त्यातला सर्वांत अस्वस्थ करणारा चित्रपट म्हणजे १९५६ चा ‘द राँग मॅन’. तो खऱ्या घटनेवर आधारलेला आहे. न्यूयॉर्कच्या स्टॉर्क क्लबमध्ये वाद्य वाजवणारा मॅनी बालेस्ट्रेरो बायकोच्या अक्कलदाढांच्या उपचारासाठी तिच्या विमा पॉलिसीवर कर्ज मिळेल का, हे विचारायला विमा कचेरीत जातो. तिथल्या महिला कर्मचाऱ्यांना वाटते, आपल्याला लुटणारा तो हाच. १९५३ च्या जानेवारीत त्याला अटक झाली. खरा चोर पुढे पकडला गेला, पण तोवर पत्नी रोझ खचून रुग्णालयात दाखल झाली होती.

त्या बायका खोटे बोलत नव्हत्या. आपण पाहिले ते जसेच्या तसे मेंदूत साठते असे प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात आठवताना मेंदू दर वेळी ते चित्र नव्याने जुळवतो आणि त्यात बाहेरचे तुकडेही मिसळतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. काहींना ‘गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता’ असे विचारले, तर काहींना ‘एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा’ असे. आठवड्यानंतर ‘फुटलेली काच दिसली का’ असे विचारल्यावर पहिल्या गटातील ५० पैकी ७ जण हो म्हणाले, दुसऱ्या गटातील ५० पैकी १६. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. एका क्रियापदाने स्मृतीत काच पेरली होती.

दवाखान्यातही हेच घडते. ‘छातीतली कळ डाव्या हातात जाते ना?’ असे विचारले की भांबावलेला रुग्ण ‘हो’ म्हणतो. ‘दुखणे कुठे कुठे जाते?’ असे विचारले तर खरे उत्तर मिळते. रुग्णानेही इंटरनेटवर वाचलेली लक्षणे सांगण्याऐवजी आपल्याला काय झाले ते आपल्याच शब्दांत, क्रमाने सांगावे. जमल्यास आदल्या रात्री कागदावर टिपून आणावे.

चित्रपटातली रोझही विसरू नये. सगळे आपल्या दाढेमुळेच झाले, असे तिला वाटू लागते. ती जेवत नाही, झोपत नाही, गप्प होते. नैराश्यात अपराधीपणाची भावना इतकी घट्ट होऊ शकते की कितीही समजावले तरी ती हलत नाही. घरात आजारपण, कोर्टकचेरी किंवा कर्ज आले की सर्वांचे लक्ष संकटात सापडलेल्या माणसाकडे जाते आणि त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस नकळत खचत जातो. दोन आठवड्यांहून अधिक काळ कोणाची झोप, भूक आणि बोलणे असे आटले असेल, तर त्यालाही डॉक्टरांकडे न्यायला हवे.

‘सायको’चा डाग

१९६० च्या ‘सायको’ने प्रेक्षकांना न्हाणीघरात एकटे जायची भीती घातली. पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिटाचा तो खून चित्रित करायला एक आठवडा लागला. रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले गेले आणि बर्नार्ड हरमन यांच्या कर्कश व्हायोलिनांनी उरलेले काम केले. कला म्हणून तो प्रसंग अजोड आहे. पण मोटेलचा मालक नॉर्मन बेट्स हा दोन व्यक्तिमत्त्वांत दुभंगलेला मनोरुग्ण आणि म्हणून खुनी, असा जो अर्थ शेवटी उलगडतो, त्याने मानसिक आजाराविषयीच्या भीतीत भर घातली.

‘सायको’ हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, त्यामुळे त्या रुग्णातही दोन माणसे राहतात असा समज होतो. तसे नसते. या आजारात कानात आवाज येतात, कोणी आपल्या वाईटावर आहे असे वाटते, विचारांची साखळी तुटते. बहुसंख्य मानसिक रुग्ण हिंसक नसतात. उलट मारहाण, फसवणूक आणि उपेक्षा त्यांच्याच वाट्याला अधिक येते. हिंसेच्या भीतीपोटी घरचे लोक आजार लपवतात, आधी देवऋषी आणि मग डॉक्टर असा प्रवास होतो आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो.

आईची सावली हे हिचकॉक यांचे आणखी एक आवडते सूत्र. ‘नटोरिअस’, ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’, ‘सायको’, ‘द बर्ड्स’, ‘मार्नी’ या सगळ्यांत ती कुठे ना कुठे आहे. यात दोष एकट्या दिग्दर्शकाचा नव्हता. त्या काळी वैद्यकशास्त्रही आईलाच जबाबदार धरत होते. आईच्या वागण्यातून स्किझोफ्रेनिया उद्भवतो, असे १९४८ पासून काही मानसोपचारतज्ज्ञ मांडत होते. ही कल्पना पुढे पूर्णपणे मोडीत निघाली. आनुवंशिक घटक, गर्भावस्थेतील मेंदूची वाढ, गांजासारखी व्यसने आणि ताण यांचा तो मिळून परिणाम असतो. तरीही वीस वर्षांच्या मुलाला मनोविकार विभागात घेऊन येणारी आई आजही ‘माझं काय चुकलं?’ असेच विचारते. तिचे काही चुकलेले नसते आणि हे तिला स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. अशा कुटुंबांसाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.

पक्षी वेडे का झाले?

१९६३ च्या ‘द बर्ड्स’मध्ये एका किनारी गावावर पक्षी तुटून पडतात. का, हे शेवटपर्यंत कळत नाही. कथा डॅफ्ने दु मॉरिए यांची. पण १८ ऑगस्ट १९६१ रोजी कॅलिफोर्नियातल्या कॅपिटोला परिसरात खरोखरच हजारो समुद्रपक्षी भिरभिरत घरांवर, दिव्यांच्या खांबांवर आदळून पडले होते. त्या भागात घर असलेल्या हिचकॉक यांनी स्थानिक वृत्तपत्राकडून ती बातमी मागवून घेतली होती.

उत्तर मिळायला पन्नास वर्षे लागली. १९८७ मध्ये कॅनडात शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले, तिघे दगावले आणि काहींची नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमताच गेली. दोषी होते डोमोइक अ‍ॅसिड. काही सूक्ष्म समुद्री शैवाले हे विष तयार करतात आणि शिंपले, लहान मासे यांच्यात ते साठते. शिजवल्याने ते नष्ट होत नाही. मेंदूतील ग्लूटामेट या संदेशवाहकाची नक्कल करून ते चेतापेशींना इतके चेतवते की त्या मरतात. स्मृतीचे केंद्र असलेल्या हिप्पोकॅम्पसला सर्वाधिक फटका बसतो. पुढे २०१२ च्या सुमारास संशोधकांनी १९६१ मध्ये त्या किनाऱ्याजवळ गोळा करून जपलेले समुद्री प्लवक तपासले. तिथल्या सूक्ष्म जीवांच्या पोटातील शैवालांपैकी ७९ टक्के विष तयार करणाऱ्या जातींचे निघाले. पक्ष्यांना वेड लागले नव्हते, त्यांना विषबाधा झाली होती. माणसाच्या बाबतीतही हे लागू आहे. अचानक कोणी विचित्र वागू लागले तर मनाचा किंवा भूताखेताचा विचार करण्याआधी शरीर तपासायला हवे.

या चित्रपटातली भीती नायिका टिपी हेड्रेन यांच्या वाट्याला प्रत्यक्षातही आली. माळ्यावरच्या हल्ल्याच्या प्रसंगासाठी अनेक दिवस त्यांच्या अंगावर जिवंत पक्षी सोडले गेले. शेवटी त्या इतक्या गळून गेल्या की डॉक्टरांनी आठवडाभर सक्तीची विश्रांती सांगितली. दिग्दर्शकाने आपला लैंगिक छळ केल्याचे त्यांनी २०१६ मधील आत्मचरित्रात लिहिले आहे. हिचकॉक यांच्या कलेविषयी बोलताना हेही सांगायला हवे.

सोळा वर्षांनंतरचा प्रेक्षक

हिचकॉक यांनी दूरचित्रवाणीसाठी १९६१ मध्ये ‘बँग! यू आर डेड’ नावाचा भाग दिग्दर्शित केला होता. एका लहान मुलाला काकाच्या बॅगेत खरे रिव्हॉल्व्हर सापडते. ते खेळण्यातले समजून तो गावभर लोकांवर रोखत फिरतो. आत गोळी आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, मुलाला नाही. टेबलाखालचा बॉम्ब इथे मुलाच्या हातात आहे.

न्यूयॉर्कमधील उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी हा भाग एमआरआय यंत्रात झोपलेल्या लोकांना दाखवला आणि निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. वेगवेगळ्या प्रेक्षकांच्या मेंदूच्या बाह्यस्तराच्या सुमारे ६५ टक्के भागात एकसारख्या लाटा उठत होत्या. एका बागेत नुसता कॅमेरा ठेवून केलेल्या चित्रणासाठी हे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी होते. अनोळखी माणसांचे मेंदू एका तालात आणण्याची दिग्दर्शकाची हातोटी पहिल्यांदाच अशी मोजली गेली.

कॅनडातील लोरिना नाची आणि एड्रियन ओवेन यांनी त्याचा वेगळाच उपयोग केला. २०१४ मध्ये त्यांनी हीच फिल्म अशा एका रुग्णाला दाखवली, ज्याने सोळा वर्षे कोणत्याही हाकेला प्रतिसाद दिला नव्हता. उत्कंठेच्या नेमक्या त्याच क्षणांना त्याच्या मेंदूत निरोगी प्रेक्षकांसारखीच हालचाल दिसली. मुलाने बंदूक रोखली की त्याचाही मेंदू ताणला जात होता. त्याला कथा समजत होती, पुढे काय होईल याची तो वाट पाहत होता. बाहेरून मात्र बोटही हलत नव्हते.

प्रतिसाद न देणारा प्रत्येक रुग्ण असा आतून जागा असतो, असा याचा अर्थ नाही. याच अभ्यासातल्या दुसऱ्या रुग्णाच्या मेंदूत तशी हालचाल आढळली नव्हती. शिवाय ही तपासणी सर्वत्र उपलब्धही नाही. पण नुसते पाहून कोण कोणत्या गटातला हे ओळखता येत नाही, म्हणून काळजी सर्वांच्याच बाबतीत घ्यावी लागते. बेशुद्ध माणसाच्या खाटेपाशी उभे राहून ‘आता काही खरे नाही’, ‘खर्च किती झाला’, ‘जमिनीचे काय करायचे’ अशा गोष्टी बोलू नयेत. त्या व्हरांड्यात बोलाव्यात. खाटेजवळ गेल्यावर आपले नाव सांगावे, आज वार कोणता ते सांगावे, कूस बदलण्यापूर्वी किंवा सुई टोचण्यापूर्वी तसे सांगावे. घरचे कोण आले आहे आणि उद्या किती वाजता येणार आहे, हेही सांगावे. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.